हिब्रू-ग्रीक बायबल अभ्यासाचे सॉफ्टवेअर: पैसे भरण्याआधी रूथचे पुस्तक उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सेमिनरीत हिब्रू आणि ग्रीकची दोन-दोन सत्रे झाली, आता तालुक्याच्या गावी पाळक म्हणून सेवा सुरू आहे, उपदेश बहुतांशी नव्या करारावर. लॅपटॉप विंडोजचा, जुना, आठ जीबीचा. फोन अँड्रॉइड. नेट असते तेव्हा असते. वर्षाला दहा-बारा हजार रुपये बाजूला काढता येतील. लोगोस घ्यावे, अ‍ॅकॉर्डन्स घ्यावे (दोन्ही विकतची सॉफ्टवेअर्स), की फुकटातले पुरे? शिवाय एका मित्राने पेनड्राइव्हवर ‘सगळं काही’ देऊ केलंय, ते घ्यावे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे उत्तर एका शब्दाचे आहे: नको. अशा पेनड्राइव्हवर बहुतेक वेळा बायबलवर्क्सची कुलूप फोडलेली प्रत असते. बायबलवर्क्स एके काळी भाषा-अभ्यासकांचे लाडके सॉफ्टवेअर होते, आणि ते लाड योग्यच होते. पण १५ जून २०१८ रोजी कंपनीने काम थांबवले. दहावी आवृत्ती शेवटची. ज्यांनी ती रीतसर घेतली ते आजही वापरतात. फोडलेल्या प्रतीसोबत मात्र काय-काय लॅपटॉपमध्ये शिरेल याचा भरवसा नाही, आणि अडचण आली तर विचारायला मागे कोणी उरलेले नाही. त्यात तिचे जुने हिब्रू-ग्रीक फाँट युनिकोडच्या आधीचे. त्या फाँटात काढलेली टिपणे दुसऱ्या संगणकावर उघडली की श्रीलिपीतला मजकूर फाँट नसलेल्या मशीनवर जसा दिसतो, तसा कचरा समोर येतो. आणि ‘चोरी करू नको’चे हिब्रू क्रियापद चोरीच्या प्रतीत पार्स करायचे (म्हणजे त्याचे व्याकरण फोडून पाहायचे), हा विनोद मला तरी पचत नाही.

आता मुख्य उत्तर. आज एक रुपयाही खर्च करू नका. लॅपटॉपवर स्टेप बायबल उतरवून घ्या, फोनवर अँड बायबल घ्या आणि सहा महिने दर आठवड्याचा उपदेश त्यांवर तयार करा. त्यानंतरही पैसे खर्च करावेसे वाटले तर ते एका चांगल्या ग्रीक कोशावर करा, मग जमेल तेव्हा हिब्रू कोशावर. पाचशे-हजार पुस्तकांचे ‘पॅकेज’ तुमच्या गरजेत कुठेच बसत नाही.

असे का म्हणतो ते सांगतो. बायबल सॉफ्टवेअर म्हणून आपण जे घेतो त्यात तीन थर असतात. पहिला मूळ पाठ. दुसरा टॅगिंग, म्हणजे प्रत्येक शब्दाला चिकटवलेली व्याकरणाची माहिती: धातू, लिंग, वचन, पुरुष, काळ. तिसरा कोश. वरचा रंगीत पडदा, बटणे, खिडक्या हे फक्त या तिघांपर्यंत पोचण्याचे साधन. जाहिरात पडद्याची होते. तुमच्या अभ्यासाचा दर्जा मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या थरावर ठरतो. पहिल्या थरात तर हिब्रूपुरता फारसा फरकच नसतो. फुकट असो की महाग, बहुतेक ठिकाणी लेनिनग्राड हस्तलिखिताचाच पाठ असतो. हे इ.स. १००८चे हस्तलिखित आज सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि त्याचा डिजिटल पाठ सर्वांना खुला आहे. ‘आमच्याकडे अस्सल हिब्रू पाठ’ असे कोणी विकत असेल तर तो फुकटचीच वस्तू विकतोय. पैसे पडतात ते तळटिपांतल्या पाठभेदांच्या नोंदींना, आणि त्या बहुधा वेगळ्या विकल्या जातात. खरेदीच्या पानावर ‘पाठभेदांसह’ असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ते नाहीत असे समजा.

ग्रीकचे थोडे वेगळे आहे. अभ्यासक ज्यावर काम करतात त्या नेस्ले-आलांड या ग्रीक नव्या कराराची २८वी आवृत्ती (२०१२) जर्मन बायबल सोसायटीच्या हक्कांखाली आहे, म्हणून ती सॉफ्टवेअरमध्ये विकत घ्यावी लागते. नुसता पाठ वाचायचा तर सोसायटीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो फुकट वाचता येतो. खुल्या परवान्यात मिळतो तो २०१०चा एसबीएलचा (सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरचा) ग्रीक नवा करार, मायकेल होम्स यांनी संपादित केलेला. नेस्ले-आलांडच्या रूढ पाठापासून तो ५४०हून थोड्या जास्त ठिकाणी वेगळा आहे. त्यातली बरीच ठिकाणे उपदेशाला धक्का लावणारी नाहीत. पण त्याच्या तळटिपा हस्तलिखितांची नावे देत नाहीत, फक्त आधीच्या छापील आवृत्त्यांनी काय निवडले ते सांगतात. त्यामुळे मार्क १६:९-२० किंवा व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा उतारा कोणत्या हस्तलिखितांत नाही, हे तिथे शोधून सापडणार नाही. एक गोष्ट मात्र आधीच पाहून ठेवा. एखाद्या फुकट अ‍ॅपमध्ये ‘ग्रीक’ एवढेच लिहिलेले असेल तर योहानाचे पहिले पत्र ५:७ उघडा. स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द आणि पवित्र आत्मा असे तिघे तिथे दिसले, तर तुमच्या हातात सोळाव्या शतकातला टेक्स्टस रिसेप्टस हा जुना छापील पाठ आहे. वाचायला हरकत नाही, पण आपण काय वाचतोय ते ठाऊक हवे.

टॅगिंग आणि कोश पारखायला मी वर्गात रूथचे पुस्तक वापरतो. चार अध्याय, ८५ वचने, कथा सगळ्यांना पाठ, आणि आत खाचाखोचा भरपूर. कोणतेही सॉफ्टवेअर, फुकट किंवा चाचणी आवृत्ती, उघडा आणि पुढच्या जागा तपासा. अर्ध्या तासाचे काम आहे.

पहिली जागा १:८. नामी दोन्ही सुनांना निरोप देते: परमेश्वर तुमच्यावर दया करो, तुम्ही मृतांवर आणि माझ्यावर केली तशी. समोर दोन बायका उभ्या आहेत, पण हिब्रूत ‘तुमच्याशी’ (इम्माखेम) आणि ‘तुम्ही केली’ (असीथेम) ही रूपे पुल्लिंगी अनेकवचनी आहेत. आता त्या शब्दांवर टिचकी मारा. सॉफ्टवेअर ‘पुल्लिंगी’ सांगते की ‘स्त्रीलिंगी’? रूपाकडे पाहणारे पुल्लिंगी म्हणेल, संदर्भाकडे पाहणारे स्त्रीलिंगी. दोन्हींत चूक कोणाचीच नाही. पण आपले सॉफ्टवेअर कोणत्या पंथाचे हे कळल्याशिवाय तुम्ही ‘स्त्रीलिंगी द्वितीय पुरुष’ शोधायला गेलात तर हे वचन हातून निसटेल, आणि निसटले हे कळणारही नाही. माझी पसंती रूप सांगणाऱ्या टॅगिंगला. संदर्भ माझा मला वाचता येतो.

त्याच वचनात आणखी एक गंमत आहे. ‘करो’ या क्रियापदाचे लिहिलेले रूप (केथीव) यासे आणि वाचायचे रूप (केरे) यास. मासोरा, म्हणजे हिब्रू पाठ जपणाऱ्या लेखनिकांच्या परंपरेने दोन्ही जपली. चांगले सॉफ्टवेअर दोन्ही दाखवते, वेगवेगळी टॅग करते आणि शोधात कोणते धरायचे ते विचारते. हलके सॉफ्टवेअर लिहिलेल्या अक्षरांवर वाचायच्या रूपाचे स्वर चढवून एक तिसराच शब्द बनवते, जो कोणी कधी उच्चारला नाही.

हीच परीक्षा पुढे आणखी कडक होते. ३:५ आणि ३:१७ मध्ये ‘मला’ (एलाय) हा शब्द वाचायचा आहे पण लिहिलेलाच नाही. हस्तलिखितात नुसते स्वर, अक्षरांची जागा रिकामी. ३:१२ मध्ये उलटे, ‘इम’ हा शब्द लिहिलेला आहे पण वाचायचा नाही. तुमच्या अ‍ॅपमध्ये ३:५ला काय दिसते? शब्द कंसात किंवा खुणेसह आला तर माणसे विचार करून बसली होती असे समजा. मग ४:५ला या. बवाज वेशीपाशी त्या जवळच्या नातलगाला सांगतो की शेत घेशील त्या दिवशी मवाबी रूथलाही... आणि इथे लिहिलेले रूप ‘मी घेतले’ (कानीथी), वाचायचे रूप ‘तू घेतलेस’ (कानीथा). कोण कोणाशी लग्न करणार, अख्खी कथा या एका अक्षरावर वळते, आणि टीकाकारांत यावर वाद आहे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये इथे एकच रूप दिसते, त्याने तो वाद तुमच्यापासून परस्पर लपवला.

आता शोध. ‘हेसेद’ (दया) हा शब्द शोधा. रूथमध्ये तो १:८, २:२० आणि ३:१० असा तीनदा यायला हवा. मग शोध पूर्ण जुन्या करारावर लावा आणि लेवीय २०:१७ निकालात आले का ते पाहा. त्या वचनात बहीण-भावाच्या संबंधाला ‘हेसेद’ म्हटले आहे, आणि तिथे अर्थ आहे लाज, कलंक. कोशकार हा वेगळा, योगायोगाने सारखा दिसणारा शब्द मानतात. बायबलच्या मूळ शब्दांना क्रमांक देणाऱ्या स्ट्राँगच्या १८९०च्या यादीत मात्र दोघांना मिळून एकच क्रमांक, २६१७. ज्या अ‍ॅपचा सगळा शोध स्ट्राँगच्या जुन्या क्रमांकांवर उभा आहे, त्यात देवाची दया आणि घराण्याचा कलंक एकाच टोपलीत येतात. मग ‘हेसेद या शब्दात दोन्ही छटा आहेत’ असा उपदेश व्यासपीठावरून ऐकू येतो. मी ऐकलेला आहे. स्टेप बायबलने हे जुने क्रमांक अक्षरे जोडून फोडले आहेत, म्हणून फुकटातही ते मला पहिले सुचवावेसे वाटते.

शेवटची जागा खऱ्या ताकदीची. २:११ मध्ये बवाज म्हणतो ‘मला सगळे नीट सांगण्यात आले आहे’, हिब्रूत हुग्गेद हुग्गाद. २:१६ मध्ये ‘तिच्यासाठी मुद्दाम ओढून टाका’, शोल ताशोल्लू. दोन्ही ठिकाणी रचना एकच: इन्फिनिटिव्ह अ‍ॅब्सोल्यूट (पुरुष-वचन न लागलेले धातूरूप) आणि लगेच त्याच धातूचे चालते (पुरुष-वचन लागलेले) क्रियापद. उत्पत्ती २:१७ मधला ‘मोथ तामूथ’ याच घराण्यातला. सॉफ्टवेअरला सांगून पाहा: ‘इन्फिनिटिव्ह अ‍ॅब्सोल्यूट, त्याला लागून चालते क्रियापद, धातू दोन्हींचा एकच’. रूथपुरता शोध लावला की निदान ही दोन वचने हाती यायला हवीत. टिचकी मारून अर्थ दाखवणारी अ‍ॅप्स इथे थांबतात, त्यांना ‘धातू तोच’ ही अट समजतच नाही. अ‍ॅकॉर्डन्समध्ये चौकटी ओढून, मध्ये ‘जुळणी’ची अट घालून हे करता येते. लोगोसमध्येही करता येते, फक्त शोधाची भाषा थोडी शिकावी लागते.

स्वतःला एक प्रश्न विचारा: असा शोध मला कधी लागेल का? प्रामाणिक उत्तर ‘वर्षात एखाद्या वेळी’ असेल, तर त्यासाठी हजारो रुपये घालू नका. एखाद्या वेळेसाठी फुकटची वाट आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या फ्राये युनिव्हर्सिटीत एप टाल्स्ट्रा यांनी १९७७ मध्ये सुरू केलेला हिब्रू बायबलचा डेटाबेस आज शेबांक या संकेतस्थळावर ब्राउझरमध्ये उघडतो. त्यात शब्दच नव्हे, पदबंध आणि वाक्येही टॅग केलेली आहेत. कर्ता क्रियापदाच्या आधी कुठे येतो, क्रियापद नसलेली वाक्ये कुठे आहेत, असे प्रश्न तिथे विचारता येतात. प्रश्न लिहिण्याची भाषा रुक्ष आहे, पण दुसऱ्यांनी जपून ठेवलेले प्रश्न उघडून त्यात फेरफार केला की काम भागते. पायथन येणारे कोणी ओळखीचे असेल तर टेक्स्ट-फॅब्रिक या पायथनच्या साधनातून हाच डेटा घरच्या लॅपटॉपवर चालतो. घरात इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असेल तर त्याला सुट्टीत लावा कामाला.

ग्रीकसाठी एकच चाचणी पुरे. शुभवर्तमानांत पावलोपावली येणारे ‘अपेक्रिथे’, म्हणजे ‘त्याने उत्तर दिले’. रूप पॅसिव्हचे (कर्मणी), अर्थ कर्तरी. मॉर्फजीएनटी या खुल्या टॅगिंगमध्ये तीनच प्रयोग आहेत: कर्तरी, मिडल (संस्कृतवाल्यांनी आत्मनेपद आठवावे) आणि पॅसिव्ह. तिथे हा शब्द पॅसिव्हमध्ये जातो. रॉबिन्सनच्या संकेतांत, जे अनेक फुकट अ‍ॅप्समध्ये वापरले जातात, ‘डिपोनंट’साठी, म्हणजे रूप कर्तरी नसून अर्थ कर्तरी असलेल्या अशा क्रियापदांसाठी, वेगळी अक्षरे आहेत आणि हा शब्द तिकडे जातो. म्हणून ‘मत्तयात पॅसिव्ह किती’ असे दोन ठिकाणी विचारलेत तर आकडे वेगळे येतील. आकडा उपदेशात किंवा प्रबंधात घालण्याआधी टॅगिंगची माहितीपुस्तिका वाचावी. कोणी वाचत नाही, पण वाचावी.

आता एकेका सॉफ्टवेअरबद्दल, तुमच्या परिस्थितीपुरते.

स्टेप बायबल केंब्रिजच्या टिंडेल हाउसचे. अभ्यासकांनी अभ्यासकांसाठी बनवलेले, जाहिरात नाही, लॅपटॉपवर उतरवले की नेटशिवाय चालते. पडदा पाहून प्रेमात पडावे असे काही नाही. पण शब्दावर टिचकी मारली की संक्षिप्त अर्थ, व्याकरण, ग्रीक असेल तर लिडल-स्कॉट या मोठ्या ग्रीक कोशाची सविस्तर नोंदसुद्धा. तुमच्या आठवड्याच्या कामाचा फार मोठा भाग इथेच उरकतो.

अँड बायबल फोनवर. मुक्त-स्रोत, ऑफलाइन. क्रॉसवायर या संस्थेच्या मोफत भांडारातून टॅग केलेला हिब्रू पाठ, एसबीएलचा ग्रीक, बायझंटाइन पाठ एकदा वायफायवर उतरवून घ्या. शेजारी खुल्या परवान्याचे मराठी आयआरव्ही (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) हे भाषांतर लावा. एसटीत बसून रूथ वाचता येते.

ई-सोर्ड आणि द-वर्ड ही विंडोजची दोन जुनी, फुकट आणि हलकी सॉफ्टवेअर्स. जुन्या लॅपटॉपवर सुरेख पळतात. फक्त त्यांत कोणी कुठून आणून टाकलेली मॉड्यूल्स (पुस्तकांच्या फाइली) फिरतात, ती घेऊ नका. तिथे पुन्हा पेनड्राइव्हचाच प्रश्न येतो.

लोगोसचे दोन चेहरे आहेत. एक ग्रंथालयाचा: टीका, कोश, व्याकरणे एकमेकांना जोडलेली, एका वचनावरून सगळीकडे जाता येते. दुसरा दुकानाचा: रोज नवी सूट, नवा संच. ऑक्टोबर २०२४ पासून नवी वैशिष्ट्ये वर्गणीवर गेली आहेत. विकत घेतलेली पुस्तके मात्र वर्गणी थांबवली तरी तुमचीच राहतात, आणि मोफत आवृत्तीतही उघडतात. तुमच्या लॅपटॉपवर ते चालेल, पण पहिल्यांदा सूची बांधताना पंखा घरघरत राहील आणि बराच वेळ दुसरे काही करता येणार नाही. हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर एसएसडी बसवा. कोणत्याही पॅकेजपेक्षा त्या खर्चाने अभ्यास जास्त सुखाचा होईल.

अ‍ॅकॉर्डन्स १९९४ मध्ये मॅकसाठी निघाले, विंडोजवर २०१३ मध्ये आले. मूळ भाषांत व्याकरणाचा शोध घ्यायचा तर माझ्या मते यासारखे दुसरे नाही. झटकन उघडते, झटकन शोधते, जुन्या मशीनला झेपते. पीएचडी करणाऱ्या, हिब्रू शिकवणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून हेच सांगतो. तुम्हाला सांगत नाही, कारण त्याचे बळ ज्या प्रश्नांत आहे ते प्रश्न तुम्ही अजून विचारत नाही. उद्या एम.टीएच.ला हिब्रू घेतलेत तर उत्तर बदलेल.

पॅराटेक्स्टचे नाव कोणी सुचवले असेल तर ते भाषांतरकारांचे साधन आहे. गोंडी, कोरकू अशा भाषांत भाषांतर करणाऱ्या गटात तुम्ही असाल तर संस्थेमार्फत नोंदणी होते, आणि मग त्यातली हिब्रू-ग्रीक साधने इतकी चांगली आहेत की वेगळे काही घ्यायची गरज उरत नाही. उपदेशासाठी म्हणून त्याच्या मागे लागू नका.

कोशांबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण पैसे जायचे तर इथेच. फुकट अ‍ॅप्समध्ये जे कोश भरलेले असतात ते फुकट असतात, कारण त्यांचे हक्क संपले आहेत, म्हणजेच ते जुने आहेत. हिब्रूचा ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्ज १९०६चा. उगारित या प्राचीन शहराच्या मातीच्या पाट्या सीरियात सापडल्या १९२९ मध्ये, मृत समुद्राच्या गुंडाळ्या १९४७ मध्ये. हिब्रूची जवळची बहीण असलेली उगारितची भाषा आणि दोन हजार वर्षे जुनी हस्तलिखिते, दोन्ही त्या संपादकांनी पाहिलेलीच नव्हती. तरी तो कोश अजून उपयोगाचा आहे, विशेषतः एखादे क्रियापद कोणत्या अव्ययासोबत कसे चालते हे पाहायला. शब्द धातूखाली लावलेले असल्याने छापील प्रतीत शोधताना नवशिक्याचा घाम निघतो. सॉफ्टवेअरमध्ये तो त्रास आपोआप जातो. ग्रीकचा थेयर मात्र मी आता कोणाला सांगत नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, इजिप्तच्या वाळूतून निघालेल्या पपायरसांवरचे काम व्हायच्या आधीचा. बाजारातल्या पावत्या, घरच्या पत्रांतली ग्रीक उजेडात आल्यावर नव्या कराराच्या कितीतरी शब्दांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. त्यापेक्षा १९२२चा अ‍ॅबट-स्मिथ बरा, आणि तोही फुकटच आहे.

विकत घ्यायचा पहिला कोश म्हणजे ग्रीकचा बीडॅग, २०००ची तिसरी आवृत्ती. दुसरा हिब्रूचा हॅलॉट. दोन्ही एकदम घेण्याची घाई करू नका. तुमचे उपदेश बहुतांशी नव्या करारावर असतात असे तुम्हीच लिहिले आहे, म्हणून आधी बीडॅग. पण एक अट: कोश ज्या दुकानातून घ्याल त्याच घरात राहील. लोगोसमध्ये घेतलेला बीडॅग अ‍ॅकॉर्डन्समध्ये उघडत नाही आणि उलटही नाही. म्हणून पहिला कोश घेताना तुम्ही प्रत्यक्षात पुढच्या वीस वर्षांचे घर निवडता. तुम्हाला पुढे टीकाग्रंथही लागणार, फोनवरही वाचायचे आहे, म्हणून लोगोसची मोफत आवृत्ती आणि त्यात एकटा बीडॅग, असे मी सुचवेन.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे टाळता येत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि ते भाषांतर १९२४ मध्ये मिशनने प्रकाशित केले. त्यांच्या टेबलावर जे कोश असू शकत होते, त्यांहून जास्त आज तुमच्या फोनमध्ये फुकट आहेत. त्यांच्याकडे संस्कृत व्याकरणाची तालीम होती हा मात्र मोठा फरक, आणि तो कोणत्याही अ‍ॅपने भरून निघत नाही.

मराठी शेजारी लावून वाचणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. हिब्रू आणि मराठी बायबलात वचनांचे आकडे सगळीकडे जुळत नाहीत. मलाखी हिब्रूत तीन अध्यायांचा, मराठीत चार. योएल हिब्रूत चार, मराठीत तीन. स्तोत्र ५१ मध्ये मराठीचे पहिले वचन हिब्रूचे तिसरे, कारण शीर्षकालाही तिथे आकडे आहेत. आणि सेप्टुआजिंटमध्ये, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात, ते स्तोत्रच पन्नासावे. रूथमध्ये हा घोळ नाही, म्हणून ही परीक्षा स्तोत्र ५१ वर घ्या: तीन रकाने शेजारी लावा आणि ‘हे देवा, माझ्यावर कृपा कर’ तिन्हींत एकाच ओळीवर येते का पाहा. न येणारे अ‍ॅप वापरू नका असे नाही, पण त्यातून संदर्भ उतरवताना डोळे उघडे ठेवा.

टिपणे सॉफ्टवेअरच्या पोटात लिहू नका. बायबलवर्क्स बंद झाले तेव्हा लोकांची वर्षानुवर्षांची टिपणे आतच अडकली होती. काढता आली, पण हाल झाले. साध्या युनिकोड फाइलमध्ये, रोज जिथे लिहिता तिथे, मराठीतच लिहा. हिब्रू स्वरांसह नीट दिसण्यासाठी एसबीएल हिब्रू किंवा एझ्रा एसआयएल हा फाँट बसवा, दोन्ही फुकट आहेत.

पैसे भरताना: बिल डॉलरमध्ये येते, त्यावर बँकेचा परकी चलनाचा आकार वेगळा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्या. वर्गणी घेतलीत तर आपोआप होणारे नूतनीकरण आपल्या कार्डांवर कधी अडकते, कधी नको असताना होऊन जाते. तारीख कॅलेंडरात लावा. वर्षाअखेर दोन्ही दुकानांत भाव उतरतात, आणि सेमिनरीशी नाते असलेल्यांना वेगळी सवलत मिळते का ते ईमेल करून विचारावे. एकटा कोश कधीच ‘आजच घ्या’ इतका तातडीचा नसतो.

टिचकीबद्दल एक. शब्दाखाली अर्थ छापलेला पाठ, इंटरलिनिअर, सतत उघडा ठेवलात तर दोन वर्षांत शिकलेले व्याकरण सहा महिन्यांत जाईल. माझे बरेच विद्यार्थी असेच रिकामे झाले. पाठ आधी नुसता वाचा, अडलेल्या शब्दाचे पार्सिंग वहीच्या कडेला लिहा, मग टिचकी मारून ताडा. सरावासाठी बायबल ऑनलाइन लर्नर नावाचे फुकट संकेतस्थळ आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्याच डेटावर ते व्याकरणाचे प्रश्न विचारते आणि लगेच उत्तर तपासते. नेट असेल त्या दिवशी दहा मिनिटे पुरतात.

आणि चॅटबॉट. तरुण पाळक आता हिब्रू वचन तिथे टाकून पार्सिंग विचारतात. उत्तर आत्मविश्वासाने येते आणि पुष्कळदा बरोबरही असते, पण चुकते तेव्हाही आवाज तोच असतो. वरची रूथची वचने त्यालाही विचारून पाहा, विशेषतः ३:५ आणि ३:१२, आणि जे सांगेल ते टॅग केलेल्या पाठाशी ताडून पाहा. व्यासपीठावर न्यायचे ते पाठात सापडले तरच न्या.

मग सुरुवात या शनिवारपासून करा. वायफाय मिळेल तिथे जाऊन स्टेप आणि अँड बायबल दोन्ही उतरवा, लॅपटॉप पूर्ण चार्ज करून घरी आणा, नेट बंद ठेवा आणि रूथ १:८ उघडा. इम्माखेमवर टिचकी मारल्यावर काय दिसले ते मला कळवा. पुढचे त्यावर बोलू.